कोयनेचं अवजल समुद्रात वाया जातं का?

हिशेबी: कोयनेच्या वीजघरांतून वीज बनवून निघालेलं पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठी नदीत आणि तिथून दाभोळच्या खाडीत. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायला मंजूर केलेलं पाणी ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट)! ते मुंबईला नेण्याच्या योजनेवर नुसती चर्चा, आणि उन्हाळ्यात कोकणातच टँकर फिरतात. समुद्राला गोड्या पाण्याची गरजच काय?

खाडीवाला: गरज आहे साहेब. समुद्राच्या किलोभर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, खाडीत मात्र प्रमाण भरती-ओहोटीगणिक बदलतं. पांढरी कोळंबी अंडी घालते समुद्रात, पण तिची पिल्लं वाढतात खाडीच्या मचूळ पाण्यात. जिताडा माशाचं उलट, तो अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी उतरतो. पाणी तोडलं की काय होतं ते सिंधूच्या मुखाशी बघा. १९५५ मध्ये पाकिस्तानात सिंधूवर कोटरीचा बंधारा झाला, पाला माशाची वर चढायची वाट अडली, आणि पुढे त्रिभुज प्रदेशातल्या शेतांत खारं पाणी शिरलं.

हिशेबी: तिथे नदीचं स्वतःचं पाणी अडवलं. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला, कृष्णेत जाणारं. वीजघर होण्याआधी ते दाभोळला येतच नव्हतं. मग तेव्हा खाडीत मासळी नव्हती का? उलट आपणच परकं पाणी ओतून खाडीचा खारेपणा बदलला. तेही विजेची मागणी असेल तसं सुटतं. कोळंबी पळेल, चिखलात रुतलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि खडकाला चिकटलेली कालवं कुठे जाणार?

मान्सूनवेडी: हा मुद्दा बिनतोड आहे. पण ‘समुद्राला गरजच काय’ हे सरसकट वाक्य नाही पटलं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावतीमुळे बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर वरच्या पाण्याची क्षारता (किलोमागे ग्रॅम) ३० च्याही खाली येते. अरबी समुद्रात ती ३६ च्या आसपास, कारण नद्या आणि पाऊस मिळून जेवढं देतात त्याहून जास्त पाणी वाफ होऊन जातं. गोडं पाणी हलकं. दुधावरच्या सायीसारखं ते वर राहतं आणि वाऱ्याला खालचं थंड पाणी सहजी घुसळून वर आणता येत नाही. वरचा थर २८ अंशांच्या पुढे तापलेला राहतो, त्यावर ढग आणि चक्रीवादळं पोसली जातात. तिकडच्या नद्या वळवायला निघालात तर पावसाचाही हिशेब मांडावा लागेल.

हिशेबी: गंगेचा न्याय वाशिष्ठीला? एवढ्याशा पाण्याने मान्सून हलत नसतो.

मान्सूनवेडी: हलतो असं मी म्हटलेलंच नाही. परत वाचा.

नदीकाठी: मान्सून राहू द्या हो. इतक्या वर्षांत चिपळूण परिसरातली गावं आणि कारखाने वाशिष्ठीच्या या पाण्यावर उभे राहिलेत. ऐन मे महिन्यात ते बंद झालं तर भरतीचं खारं पाणी आणखी वर चढणार. मुंबईला न्यायला माझी ना नाही. पण उन्हाळ्यात नदीत किती सोडणार, तो आकडा आधी कागदावर येऊ दे.