शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदाला उभं राहावं का? अनुभवी पालकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट 41, शिक्षक दोन, त्यातले एक सर निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात नाहीतर तालुक्याच्या बैठकीत. माझी मुलगी तिसरीत, मुलगा यंदा पहिलीत गेला. जुन्या समितीची मुदत संपली, पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे आणि काही आयांनी अध्यक्ष म्हणून माझं नाव पुढं केलंय.

आमच्याकडे अध्यक्ष सभेच्या आदल्या रात्री पारावर ठरतो. सभेत एकजण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, चहा येतो. महिला निम्म्या हव्यात हा नियम कागदावर अगदी चोख पाळतात. म्हणजे प्रोसिडिंग बुक घरोघरी फिरतं आणि बाया हात पुसून सही करतात.

मावळते अध्यक्ष सरपंचांच्या पॅनेलचे. माणूस वाईट नाही, शाळेचं कंपाउंड त्यांनीच पाठपुरावा करून घेतलं. पण मुलींच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप. टाकी बसली, बिल निघालं, पाइप मात्र आतल्या नळापर्यंत पोचलाच नाही. पाणी नाही म्हणून कुलूप, आणि किल्ली सरांच्या कपाटात. गावातल्या मुली मधल्या सुट्टीत खिचडी अर्धवट टाकून घरी पळतात. वस्तीवरच्या मुलींना तेही जमत नाही, त्या पाणीच पीत नाहीत. हे सभेत काढलं की 'बघू, निधी आला की करू'.

खरी अडचण घरातली आहे. माझी मोठी जाऊ त्याच पॅनेलमधून ग्रामपंचायतीत निवडून आलीये. सासरे म्हणतात, शाळेपायी भावकीत वितुष्ट नको. नवरा म्हणतो, तुझं तू बघ. (हा पाठिंबा आहे की अंग काढून घेणं, देव जाणे.)

मला विचारायचंय ते असं. पॅनेलवाल्यांनी ज्याची मुलं तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात असा माणूस पुढं केला तर चालतो का? चेकवर अध्यक्षाची सही लागते म्हणतात, उद्या हिशेबात घोळ निघाला तर मी अडकेन का? आणि सरांशी वाजलं तर पोरांवर राग निघेल का, ही भीती आहेच. नुसतं सदस्य राहूनही काही करता येतं का?

प्रतिसाद

ताई, मी आमच्या शाळेत अध्यक्ष होतो, म्हणून लिहितो. आधी पहिल्या प्रश्नाचं. ज्याचं मूल तुमच्या शाळेत नाही तो अध्यक्ष होऊच शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 : समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्याकडे अध्यक्ष-उपाध्यक्ष पालक सदस्यांतूनच निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतात, मुदत दोन वर्षं.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपये, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. तुमचा पाइप त्यात बसतो की! वर्षाचं अनुदान कशावर गेलं ते कीर्द (जमाखर्चाची वही) मागून बघा. कोऱ्या कागदावर किंवा न झालेल्या सभेच्या इतिवृत्तावर सही करायची नाही, एवढं पाळलंत तर घाबरण्यासारखं काही नाही. मुलींना वेगळं स्वच्छतागृह हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे, ते मागणं म्हणजे सरांशी भांडण नव्हे. शाळा विकास आराखडा समितीच करते, पहिल्याच बैठकीत हे काम त्यात घाला.

पोरांवर राग काढतील असं मला वाटत नाही. आमच्या मुख्याध्यापकांना उलट बरं वाटलं, वर पत्र पाठवायला कुणीतरी सोबत मिळालं. भावकीचं मात्र मी काही सांगू शकत नाही. माझा चुलता वर्षभर बोलत नव्हता.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर, पण सभेची वेळ बघितलीत का? आमच्याकडे मुद्दाम सकाळी अकराला ठेवायचे. बाया खुरपणीला, सभेला पारावरचे पुरुष. आम्ही संध्याकाळची वेळ मागितली आणि निम्मं काम तिथंच झालं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी). आणि जावेला हे बाहेरून कळू देऊ नका, आधी तुम्हीच जाऊन सांगा. तिचीही लेक, पुतणी त्याच शाळेत असेल ना?

धागाकर्ती

दोघांचेही आभार. जावेची धाकटी चौथीत आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री तिच्याकडे जाते. सभेची नोटीस खरंच सकाळी साडेदहाची निघालीये आणि आमच्याकडे सध्या कांदा काढणी चालू आहे. वेळ बदलून मागायच्या अर्जावर फक्त माझी सही पुरेल की जास्त पालकांच्या घेऊ? कुणाकडे असा अर्ज असेल तर नमुना इथं टाका.