परदेशी बनावटीचे बेस ॲम्प आणि कोकणची हवा: दर्जा नेमका कुठे घसरतो?

प्रश्न (मालवण)

सर्व वादक आणि तंत्रज्ञ मंडळींना नमस्कार. मी मालवणजवळच्या एका गावात राहतो आणि गेली चौदा वर्षे जत्रा, लग्नसमारंभ आणि गणेशोत्सवातील कार्यक्रमांत बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे एकाच अमेरिकी कंपनीचे दोन ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रे) आहेत. पहिला नव्वदच्या दशकात अमेरिकेतच तयार झालेला असून तो मी मुंबईच्या एका वादकाकडून जुना घेतला. तो १२० व्होल्टचा असल्यामुळे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवावा लागतो, वजनाला भारी आहे, रात्री उशिरा गुणगुणतो आणि बराच तापतो. पण भर कार्यक्रमात त्याने आजवर एकदाही दगा दिलेला नाही. दुसरा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला, तीन वर्षांपूर्वी नवा घेतला. त्याच्या मागे चीनमध्ये तयार झाल्याचे छापलेले आहे.

पहिले वर्ष नवा ॲम्प उत्तम वाजला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र त्याचा आवाज मधूनच बसू लागला आणि वरून थाप मारली की परत येऊ लागला. गेल्या गणपतीत दुसऱ्याच गाण्याला आवाज पूर्ण गेला, तेव्हा तबला आणि ढोलकीखालचा आधारच निघून गेल्यासारखे झाले आणि आमच्या गायिकेला सबंध कार्यक्रम तसाच पार पाडावा लागला. त्याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय खोक्याची तळाची कड फुगली आहे आणि हात लावला की भुसा सुटतो.

आमच्याकडचे जुने वादक म्हणतात की कंपन्यांनी कारखाने परदेशी हलवल्यापासून मालात राम राहिलेला नाही. हे कितपत खरे आहे? साठ हजारांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. नवा घ्यावा, की आहेत तेच दोन नीट करून घ्यावेत?

उत्तर १ (रत्नागिरी, ॲम्प आणि मिक्सरची दुरुस्ती)

आपल्या वर्णनावरून एक शंका येते, ती आधी सांगतो, कारण तिची परीक्षा घरच्या घरी सहज होते. ॲम्पच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे, बाहेरचे इफेक्ट जोडण्याचे दोन जॅक असतील, तर त्या दोहोंमध्ये एक लहान पॅच वायर जोडून तासभर वाजवून पाहा. रिटर्नच्या जॅकमध्ये एक बारीक पाते असते आणि पिन घातलेली नसताना गिटारचा सिग्नल त्याच पात्यावरून पुढच्या भागाकडे जातो. बहुतेक वादक हे जॅक वर्षानुवर्षे वापरत नाहीत, त्यामुळे ते पाते कधी घासले जात नाही, आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत ते पितळेच्या भांड्यासारखे कळकते. थाप मारल्यावर आवाज परत येतो तो बहुतेक वेळा ह्याच कारणाने. पॅच वायर लावल्यावर आवाज टिकला, तर दोष सापडला असे समजा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या टेबलावर अमेरिका, इटली, चीन, इंडोनेशिया अशा सगळ्या ठिकाणचे ॲम्प उघडले गेले आहेत, आणि बिघाडांची कारणे पाहता मी देशाला दोष देणे सोडून दिले आहे. जुन्या ॲम्पमध्ये जॅक लोखंडी पत्र्याला नटाने आवळलेला असे आणि त्याच्यापासून आतल्या सर्किट बोर्डापर्यंत तार नेलेली असे. वादकाचा पाय केबलमध्ये अडकला तरी तो ओढा पत्रा सोसत असे. नव्या स्वस्त ॲम्पमध्ये प्लॅस्टिकचा जॅक थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो, त्यामुळे प्रत्येक ओढा सोल्डरवर येतो. असा बोर्ड भिंगाखाली धरला की पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसते, आणि ती दिसली की पुढचे काम सोपे असते. पण असा जॅक वापरायचा हे कारखान्यातल्या कामगाराने ठरवलेले नसते. ते कंपनीच्या मुख्य कार्यालयात, किंमत अमुक एका आकड्याच्या खाली ठेवण्यासाठी ठरलेले असते.

सोल्डरचीच आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत उपकरणांत शिशाचा वापर बंद केला. आधीचे शिसे-कथलाचे सोल्डर १८३ अंशांना वितळत असे, तर त्याच्या जागी आलेले कथील, चांदी आणि तांब्याचे मिश्रण सुमारे २१७ अंशांना वितळते आणि कंपनांच्या बाबतीत त्याचे वागणे वेगळे असते. कारखाने आशियात हलण्याचा काळ आणि हा बदल साधारण एकाच वेळी आले. त्याच दशकाच्या पूर्वार्धात सदोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही (वीज साठवणारे छोटे भाग) मोठ्या संख्येने बाजारात आले होते. त्या वर्षांत घेतलेला ॲम्प लवकर गेला, की लोकांनी मागे छापलेले देशाचे नाव वाचले आणि तेच कारण मनात धरले.

फुगलेल्या कडेबद्दल मात्र आपली तक्रार पूर्ण रास्त आहे. तो एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, असणार. कोरड्या हवेच्या गावी तो वीस वर्षे टिकेल, पण जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे तो टिकणार नाही. चीनमधलाच कारखाना मागणी केली तर उत्तम बर्च प्लायवूडचे खोकेही बनवून देतो.

आपल्या जुन्या ॲम्पविषयी एक सूचना करतो. त्याच्या मागच्या पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ लिहिले आहे की फक्त ‘६०’, हे पाहून घ्या. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, पण आपल्या विजेचे ५० हर्ट्झ तसेच राहतात, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी घडवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर त्यामुळे सुमारे २० टक्के जास्त ताण येतो. रात्री भार कमी होऊन गावातला व्होल्टेज चढला की तो आणखी वाढतो. गुणगुणणे आणि तापणे ह्यांचे कारण बहुधा हेच असावे. आपला ॲम्प ट्रान्झिस्टरचा असेल, तर ११० किंवा १०० व्होल्टची टॅप (वेगळी जोडणी) असलेला स्टेप-डाउन आणि त्याच्या आधी एक चांगला स्टॅबिलायझर लावा. अमेरिकेत घडलेली वस्तू तिथल्या विजेसाठी घडलेली असते, एवढे लक्षात ठेवावे.

उत्तर २ (मूळ गाव देवगड, सध्या पुणे, इलेक्ट्रॉनिक उत्पादनात गुणवत्ता तपासणी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. कारखान्याच्या आतली बाजू थोडी मांडतो.

अँपेग ह्या अमेरिकी कंपनीचा एसव्हीटी हा बेस ॲम्प १९६९ मध्ये आला तेव्हा तो ३०० वॉटचा, सहा पॉवर व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) आणि एकट्याने उचलता न येणारा ॲम्प होता, आणि त्याच्याबरोबर आठ दहा-इंची स्पीकरचे कॅबिनेट असे. त्या काळच्या ॲम्पची बरीच जोडणी हातांनी होत असे, आणि हाताच्या कामात दोन नगांत फरक पडणारच. आजचा वर्ग-डी (हलका, कमी तापणारा) ॲम्प यंत्राने भाग बसवलेल्या बोर्डावर उभा असतो, आणि त्या यंत्राचे काम चीनमधल्या शेनझेनमध्ये आणि शिकागोत सारखेच होते. मार्कबासचे ॲम्प इटलीत आखले जातात आणि त्यांतले कित्येक इंडोनेशियात तयार होतात; सेलेस्टियन हे इंग्लंडचे स्पीकरचे जुने नाव १९९२ पासून हाँगकाँगच्या समूहाकडे आहे. वादकांनी ह्या वस्तूंवरचा विश्वास त्यामुळे काढून घेतलेला नाही.

दर्जा घसरतो तो पहिल्या नमुन्यानंतर. कंपनीने मान्य केलेला नमुना उत्तम असतो. पुढे हजारो नग निघू लागले की एखादा कपॅसिटर मिळेनासा होतो आणि त्याच्या जागी त्याच मापाचा, पण १०५ अंशांऐवजी ८५ अंशांपर्यंतच टिकणारा दुसरा बसवला जातो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु ह्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, त्यामुळे मे महिन्यात मांडवात, बंद खोक्यात, तो बदल फार लवकर बाहेर येतो. असा बदल पकडण्यासाठी कंपनीचा स्वतःचा माणूस कारखान्यात बसलेला असावा लागतो आणि प्रत्येक नग काही तास चालवून मगच बांधावा लागतो. ज्या कंपन्या हा खर्च करतात त्यांचा माल कुठेही बनला तरी चांगला निघतो. मी स्वतः ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे मालाची घाई झाली की सर्वांत आधी हीच चाचणी कमी केली जात असे, आणि तो कारखाना भारतातच होता.

उत्तर ३ (सावंतवाडी, बेस वादक)

दोघांचेही म्हणणे पटले, पण दुरुस्तीच्या बाबतीत माझा अनुभव सांगितलाच पाहिजे. माझ्याकडे आशियात तयार झालेला वर्ग-डीचा हेड (स्पीकर नसलेला, नुसता ॲम्प) सात वर्षे आहे. तो पिशवीत घालून मी एसटीने जातो, आणि चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ, तो समाधानकारक देतो. अजून तो बिघडलेला नाही, परंतु तो बिघडला तर आतला संपूर्ण मॉड्यूलच मागवावा लागेल, आणि तो पाच वर्षांनी मिळेल की नाही हे कोणी लिहून देत नाही. जुन्या ॲम्पचा ट्रान्झिस्टर गेला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून बदली भाग येतो आणि जत्रेच्या आधी ॲम्प उभा राहतो. आपल्यासारख्या, सेवा केंद्रापासून दूर राहणाऱ्या वादकांना हा फरक मोठा आहे. म्हणून नवा घ्याल तर दुकानदाराला पहिला प्रश्न सुट्या भागांचा विचारा.

पावसाळ्यात मी हेड झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी काढून अर्धा तास चालवतो.

प्रश्नकर्ता (मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सेंड-रिटर्नमध्ये पॅच वायर जोडून दीड तास वाजवले, आवाज एकदाही बसला नाही. नंतर मागचा पत्रा उघडला. रिटर्नच्या जॅकचे पाते काळपट हिरवे झाले होते. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर केल्यावर वायरीशिवायही आवाज स्थिर राहिला. इनपुट जॅकच्या एका पिनेभोवती मात्र चीर आहे, ती माझ्या मुलाला मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसली. तो बोर्ड घेऊन पुढच्या आठवड्यात मी रत्नागिरीला येतो, आणि तिथे जॅक पत्र्याला आवळून तारेने जोडून घेतो.

जुन्या ॲम्पच्या पट्टीवर फक्त ‘६० हर्ट्झ’ आहे. त्यासाठी स्टॅबिलायझर आणि १०० व्होल्टची टॅप असलेला स्टेप-डाउन घेत आहे. कॉम्बोच्या खोक्यासाठी गावातल्या सुताराला १८ मिलिमीटरचे मरीन प्लायवूड सांगितले आहे. तो होड्यांची कामे करतो, त्यामुळे खाऱ्या हवेचे त्याला वेगळे सांगावे लागले नाही.