बाळंतिणीला व्हिडिओ कॉलवर 'जीवनशैली'

सईची_आई: काल इथे एकीने लिहिलं, "गरोदरपणात शुगर-बीपी झालेल्यांना घरबसल्या ऑनलाइन डाएट-व्यायामाचं मार्गदर्शन मिळतं, तरी बायका कारणं देतात." डोकंच फिरलं. माझं बीपी वाढून ३४व्या आठवड्यात सिझर झालं, बाळ बारा दिवस काचेच्या पेटीत. घरी आले तर स्क्रीनवरच्या ताई म्हणतात, "स्वतःसाठी रोज पाऊण तास काढा." एका हाताने बाळ थोपटतेय, दुसऱ्यात फोन, टाके ओढतायत. तो पाऊण तास बाळ कोण घेणार? हे त्यांनी विचारलंच नाही.

शेवंती_नांदेड: ते मीच लिहिलं होतं. "कारणं देतात" जरा जास्त झालं, बरं. पण शुगर झालेलीला पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सात ते दहापट. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासायचं असतं, इथल्या किती जणी गेल्या? आमच्या तालुक्यात आहारतज्ज्ञ नाही. फोनवर कोणी बोललं नसतं तर मीही गेले नसते.

अळीवखीर: मला तर पहिल्याच कॉलला सांगितलं, डिंकाचे लाडू बंद! आईने माहेरून दोन डबे पाठवलेले.

काकू_सदाशिवपेठ: बाळंतीण आहे की कैदी? आम्ही रोज दोन खाल्ले, काही झालं नाही.

शेवंती_नांदेड: काकू, तुमची शुगर तेव्हा कोणी तपासली होती?

काकू_सदाशिवपेठ: तपासायला काही झालं तर पाहिजे ना!

मालवणी_चेडू: आमच्याकडे अळीव-खोबऱ्याचे. गूळ कमी घालून होतात की. पण हे त्या डाएटवाल्या ताईंना माहीत नव्हतं, त्यांनी 'ओट्स' लिहून दिले. ओट्स! कुडाळात!

काकू_सदाशिवपेठ: गूळ कमी घातला तर वळणार कसे?

अळीवखीर: खारीक पूड घाला, काकू.

शेवंती_नांदेड: खारीकही गोडच असते हो!!

आकडेमोड: लाडू बाजूला ठेवा. भारत, श्रीलंका, बांगलादेशात अशा सोळाशेच्या आसपास बायकांवर वर्षभर जीवनशैलीचा, म्हणजे डाएट-व्यायामाचा, प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. ठळक फरक नाही निघाला. मध्ये कोविड आला, हे खरं.

सईची_आई: बघा!

शेवंती_नांदेड: काय बघा? ते शुगरवाल्यांचं. तुझं बीपी होतं ना? पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, हे तुला सांगितलं का कोणी?

सईची_आई: ...नाही. घरी पाठवताना कागदावर 'मीठ कमी' एवढंच होतं. तुझ्या ताईंनी सांगितलं असतं, असं म्हणायचंय का?

शेवंती_नांदेड: माझ्या ताई रात्री साडेनऊला, बाळ झोपल्यावर फोन करायच्या. कॅमेरा बंद. आधी विचारायच्या, आज जेवलीस का.

सईची_आई: अशा असतील तर ठीक. माझ्या दुपारी बाराला यायच्या आणि आधी वजन विचारायच्या.

काकू_सदाशिवपेठ: पाक पक्का केला की कमी गुळातही वळतात म्हणे. करून बघते.