रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भिजवा

रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइप धरूनही लॉन पिवळं पडतंय, असं तुमचंही होत असेल, तर माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे नाशिकला मागच्या एप्रिलमध्ये हेच चाललं होतं. एकदा खुरपं खुपसून पाहिलं, तर वरची पेरभर माती ओली आणि खाली ठणठणीत कोरडी! मुळं बिचारी वरच घुटमळत होती.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदाच, पण पहाटे, भरपूर पाणी देतो. किती दिलं ते कळायला स्प्रिंकलरखाली तीन-चार सरळ काठांचे रिकामे डबे ठेवायचे; तळाशी १२ मिलिमीटर साचलं की कॉक बंद. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, म्हणजे आमच्या ४० चौरस मीटरला एका वेळी ४८० लिटर. आकडा बघून घरात जे काही ऐकावं लागलं ते असो, पण अर्धं लॉन सोडूनच दिलं.

सोडलेला भाग हरळीचा, म्हणजे आपल्या दूर्वांचा. ती वरून वाळते, जमिनीतली खोडं तग धरतात. जूनच्या सरी पडल्या आणि आठवड्यात हिरवी! नाजूक कार्पेट गवतावर मात्र हा जुगार मी खेळणार नाही.

कापणीच्या मशीनचं पातं वर घ्या, दोनेक इंच गवत राहू दे. ऐन उन्हाळ्यात युरिया नको. आणि आरओचं वाया जाणारं पाणी रोज तिथंच ओतू नका, मातीत क्षार साचतात.