कचऱ्यात पहिला नंबर, मग नळावर भरवसा का नाही?

राजवाडा_कट्टा:
२०१७ ते २०२३, स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग सात वेळा पहिलं. आणि २०२५ च्या डिसेंबरात इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैला मिसळून माणसं गेली. महापालिका तीच. कचरागाडीने कमावलेलं नाव नळाला का मिळत नाही?

पाइपफिटर:
कचऱ्याचा हिशेब रोज दारात होतो. गाडी चुकली की तासाभरात गल्लीभर बोंब. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर गेला, तोही सगळ्यांना दिसला. लाइन मात्र जमिनीखाली. जलूदच्या केंद्रातून नर्मदेचं पाणी शुद्ध होऊन निघतं. घोळ होतो तो गल्लीत. आपल्याकडे पाणी दिवसाआड. पुरवठा थांबला की लाइनीतला दाब उतरतो. जॉइंट गळका आणि शेजारी ड्रेनेज पाझरत असेल, तर ती घाण आत ओढली जाते आणि पुढच्या पाळीला पहिल्या बादलीत उतरते. लाइनीला थेट मोटर लावणारे त्यात भर घालतात. म्हणून पाण्याची लाइन ड्रेनेजच्या वर आणि लांब हवी. जुन्या वस्तीत हे कोण बघतं!

क्लोरीनवाला:
टाकीवरचा क्लोरीनचा आकडा छापून उपयोग नाही. गल्लीच्या शेवटच्या नळाला मोजा: लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. नळीत पाणी घ्या, ऑर्थोटोलिडिनचे (क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणाऱ्या रसायनाचे) थेंब टाका, पिवळा रंग तक्त्याशी ताडा. रंगच आला नाही तर क्लोरीन वाटेत संपलं, बहुतेक घाणीनेच खाल्लं. मग एच-टू-एसची, म्हणजे मैल्यातले जंतू तपासायची तयार बाटली त्या पाण्याने खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी पडली, तर मैल्याचा संशय धरा. हे आकडे गल्लीवार, तारखेसकट लावले तर लोक विश्वास ठेवतील. वाईट आकडाही लावायचा, बरं का. नुसते चांगले लावले की कोणी वाचत नाही.

वॉर्ड_फाइल:
सहमत. पण खरी मेख तक्रार बंद करण्यात आहे. गढूळ पाण्याची तक्रार ‘टीम पाठवली’ एवढ्यावर बंद होऊ नये. त्याच नळाचा नवा नमुना, त्याचा निकाल, मगच बंद. आणि एका गल्लीतून दोन-तीन तक्रारी आल्या तर त्या सुट्या धरायच्या नाहीत. आधी तिथला पुरवठा थांबवून टँकर लावायचा, खोदाई नंतर.

राजवाडा_कट्टा:
तोवर पहिली बादली ओतून दिली तर चालेल?

क्लोरीनवाला:
पुरेसं नाही. वास किंवा रंग असेल तर ते पाणी पिऊच नका. एरवी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा आणि झाकून ठेवा. भांडं घासायलाही उकळलेलंच पाणी घ्या.