मान्यानी म्हणजे नुसता आरडाओरडा? (निवांत यांच्या पोस्टला उत्तर, लांबलंय)

कृष्णाकाठ:
परवा निवांत यांनी लिहिलं होतं, थोडक्यात असं की इटालियन नटी आन्ना मॅग्नानीला उगाच डोक्यावर घेतलंय, प्रत्येक सिनेमात तीच ती गळा काढणारी आई, दिग्दर्शक रोसेलिनीने तिला नटी इन्ग्रिड बर्गमनसाठी सोडलं म्हणून लोकांची सहानुभूती मिळाली, आणि खरी इटालियन अभिनेत्री बघायची तर सोफिया लॉरेन. दोन दिवस गप्प बसले. आज पोळ्या करता करता पुन्हा आठवलं आणि तवा उतरवून लिहायला बसले.

आधी नाव. मॅग्नानी नाही हो, मान्यानी.

आता सहानुभूती. तारखा तरी बघा. मान्यानीला घेऊन रोसेलिनीने केलेला 'रोम, ओपन सिटी' आला १९४५ ला, बर्गमनचं रोसेलिनीला पत्र आलं १९४८ ला. जगाने हिला उचलून धरलं तेव्हा बर्गमन चित्रातच नव्हती. आणि मान्यानी तेव्हा सदतीस वर्षांची. १९०८ चा जन्म, बापाचा पत्ता नाही, आई इजिप्तला निघून गेलेली, आजीने रोममध्ये वाढवलं. नाइटक्लबात गाणी म्हटली, रंगभूमीवर पडेल ते काम केलं, सिनेमात वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका. १९४२ ला मुलगा झाला, त्याला लहानपणीच पोलिओ. त्या मुलाला तिने स्वतःचंच आडनाव लावलं. त्या काळात, रोममध्ये! अशा बाईला सोडून दिलेली बाई म्हणून ओळखायचं?

आणि गळा काढणं. 'रोम, ओपन सिटी'मधली तिची पिना ट्रकमागे धावते तो प्रसंग परत बघा. लग्नाचा दिवस, पोटात मूल, जर्मन शिपाई तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, फ्रान्चेस्कोला, ट्रकमध्ये घालून नेतायत. ती शिपायाला थोबाडीत मारून सुटते, हात वर करून धावते, गोळी लागते, रस्त्यावर पडते, मोज्यातला पाय उघडा पडलेला. बस. मरताना एक वाक्य नाही, डोळे फिरवणं नाही. आणि हे हवेतून आलेलं नाही. ३ मार्च १९४४ ला रोममध्ये तेरेसा गुल्लाचे नावाची पाच मुलांची गरोदर आई, नवऱ्याला पकडून ठेवलेल्या बराकीबाहेर अशीच गोळी घालून मारली होती. थिएटरात बसलेल्या लोकांना ते ठाऊक होतं.

तिचा 'बेलीसिमा' तर माझ्या घरातली गोष्ट वाटते. घरोघरी इंजेक्शनं देऊन पैसे साठवणारी बाई, मुलीला सिनेमात घालायचं वेड. माझ्या आतेबहिणीला माझी आत्या गाण्याच्या एका रिअॅलिटी शोच्या ऑडिशनला घेऊन जायची, सहा वाजता घरातून निघून रात्री दहापर्यंत रांगेत, डब्यातला भात आंबायचा. एकदा परीक्षकांपैकी कुणीतरी पोरीच्या उच्चारांवर हसलं. आत्या काही बोलली नाही, फक्त पोरीच्या केसातली पिन काढून परत नीट लावली. मान्यानी अंधारात उभी राहून आपल्या रडणाऱ्या मुलीची स्क्रीन टेस्ट बघते, आणि खोलीतली सगळी माणसं खो खो हसतायत, तेव्हा मला आत्याचा हात आठवला. तिथे कुठे गळा काढलाय?

निवांत:
ताई, मी डोक्यावर घेतलंय म्हटलं, वाईट म्हटलं नाही. तारखांचं मान्य, ते वाक्य माझं चुकलं. बाकी नाही.

'टू विमेन' या सिनेमात आधी आईचं काम मान्यानीला आणि मुलीचं लॉरेनला असं ठरत होतं. हिने नकार दिला, लॉरेनची आई व्हायला तयार नाही. मग लॉरेनने पंचविशीत बारा-तेरा वर्षांच्या मुलीची आई केली आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या भूमिकेसाठी अभिनयाचं पहिलं ऑस्कर नेलं. अहंकाराने स्वतःचंच नुकसान करून घेतलं की नाही? मान्यानीच्या 'मामा रोमा'बद्दल तर दिग्दर्शक पाझोलिनी स्वतःच नंतर समाधानी नव्हता.

आणि सगळे म्हणतात ना कच्चा, खरा, रस्त्यावरचा अभिनय. 'रोम, ओपन सिटी' बहुतेक सगळा मुका शूट केलेला आहे, आवाज मागून भरलाय. ती 'फ्रान्चेस्को' किंकाळी रस्त्यावरची नाही, स्टुडिओतली आहे. म्हणजे डबिंगच. मग खरं कुठलं त्यात?

लूपवाली:
'डबिंगच'? 'च' कशाला?

मी सोळा वर्षं अंधेरीत डबिंग करते. कार्टून, साउथचे सिनेमे, जाहिराती, मिळेल ते. तुम्हाला वाटतं खोलीत बसून वाचायचं असतं. एकदा एका सिनेमात आईला मुलाचं प्रेत दाखवतात असा सीन होता, पडद्यावरची बाई दुसरी, आवाज माझा. लूप लागला, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा, हेडफोनमध्ये पायलट ट्रॅकवरचा, म्हणजे शूटिंगच्या वेळच्या कच्च्या आवाजातला, जनरेटरचा घरघराट, समोर तिचे ओठ, आणि तिचा श्वास जिथे अडकतो तिथेच माझाही अडकला पाहिजे. अकरा टेक झाले. बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते, चहाचा ग्लास धरवेना. टायटलमध्ये नाव नाही. पैसे आठ महिन्यांनी, तेही अर्धे. ते खोटं होतं का माझं?

आणि मान्यानीने तर आवाज स्वतःचाच दिला. इटलीत तेव्हा नटीचा चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा हे सर्रास चालायचं. क्लॉदिया कार्दिनालेला स्वतःचा आवाज पडद्यावर मिळाला तो १९६३ ला फेलिनीच्या सिनेमात, तोवर दुसऱ्या बायका तिच्यासाठी बोलत होत्या. रस्त्यावर एकदा धावायचं आणि मग महिन्यांनी बंद खोलीत उभं राहून तीच धाव परत घशातून काढायची, हे दुप्पट काम आहे.

सदाशिवपेठी:
डबिंगचा विषय निघालाच आहे तर बोलतो. परभाषेतला सिनेमा डब करणं हा गुन्हा आहे. मी 'मामा रोमा' पुण्यात एका फिल्म क्लबात सबटायटल्ससह पाहिला, तिची ती रोमन बोली, ते शब्द तोंडातून फेकणं, काही कळत नसलं तरी कळतं. ते कुणीतरी गोड प्रमाण मराठीत बोलून दाखवलं तर काय उरणार? आधीच मराठी डबिंग म्हणजे सगळ्या बायका एकाच सुरात 'काय म्हणतोयस तू?' म्हणतात.

लूपवाली:
अहो काका, एकाच सुरात बोलतात कारण एका दिवसात तीन तीन एपिसोड उरकायला लावतात आणि भाषांतर करणाऱ्याला पानामागे चिल्लर देतात. तुमच्यासारखे लोक 'आम्ही डब बघतच नाही' म्हणून नाक मुरडतात, म्हणून त्यावर कुणी पैसे घालत नाही. आणि बोलीच हवी ना? मग मालवणीत करा, वऱ्हाडीत करा, आमच्याकडे माणसं आहेत. विचारतं कोण?

सदाशिवपेठी:
मान्यानीला वऱ्हाडी बोलायला लावणार? धन्य आहे. मूळ कलाकृतीचा आदर नावाची काही गोष्ट असते.

लूपवाली:
आदर कुणाचा? ज्याला झरझर इंग्रजी वाचता येतं त्याचा? माझी आजी निरक्षर होती. तिच्यासाठी तुमचा फिल्म क्लब बंदच.

नाक्यावरचा:
शांत व्हा मंडळी. तुम्ही सगळे रोसेलिनीचं मुंबई प्रकरण विसरलात. १९५६ च्या शेवटी तो भारतात आला, माहितीपट काढायला म्हणून, आणि पटकथालेखिका सोनाली दासगुप्तांना घेऊन परत गेला, बर्गमनशी फाटलं ते फाटलंच. पत्रकार दिलीप पाडगावकरांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. आणि १९५२ ला मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला त्यात 'रोम, ओपन सिटी' दाखवला होता.

कृष्णाकाठ:
शेवटचं वाक्य कामाचं. बाकी पुन्हा रोसेलिनीच! याच गोष्टीचा मला संताप येतो. बाईबद्दल धागा, आणि तिसऱ्या मिनिटाला तिला सोडून गेलेल्या माणसाची लफडी. तिने त्याच्या डोक्यावर स्पॅगेटी ओतली ती कथा ज्याला त्याला पाठ. पण अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सने तिला डोळ्यासमोर ठेवून 'रोझ टॅटू' नाटक लिहिलं, तिने आपलं इंग्रजी पुरेसं नाही म्हणून ब्रॉडवेला नाही म्हटलं, मग १९५५ च्या सिनेमात तेच काम केलं आणि ऑस्कर घेतलं, इटलीच्या नटीचं पहिलं, हे कुणी सांगत नाही. निवांत, लॉरेनच्या आधी सहा वर्षं. तयारी नाही तर स्टेजवर जाणार नाही म्हणणाऱ्या बाईला अहंकारी म्हणायचं? आणि 'टू विमेन'मधलं आईचं काम लॉरेनलाच द्या असं मान्यानीनेच सुचवलं असं सांगतात.

सदाशिवपेठी, तुमचं बोलीचं पटतं. पण मी 'बेलीसिमा' आईबरोबर मिरजेला घरी पाहिला, आईला इंग्रजी येत नाही, दोन तास तिच्या कानाशी मराठीत सांगत बसले. माझी आई तीस वर्षं नर्स होती, ड्युटी संपली की गल्लीत इंजेक्शनं द्यायला जायची. मध्येच मला म्हणाली, आता नको सांगू, कळतंय. पण पहिला अर्धा तास सांगावंच लागलं. तेवढा अर्धा तास कुणीतरी द्यायला हवा की नाही?

सदाशिवपेठी:
तुम्ही जे केलंत त्याला मी डबिंग म्हणणार नाही. पण ठीक आहे. वाचता न येणाऱ्यांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. चांगलं डबिंग दाखवा, बघेन. वऱ्हाडी नको.

लूपवाली:
वऱ्हाडीच करणार.

निवांत, तुम्हाला एक सांगते. ओरडणारी बाई म्हणता ना, तर मान्यानीचाच १९४८ चा 'लामोरे' बघा. दोन गोष्टी आहेत त्यात, पहिली फ्रेंच नाटककार कोक्तोच्या एकांकिकेवरची. एक खोली, एक टेलिफोन, पलीकडे सोडून चाललेला माणूस, त्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. अर्धा तास ही एकटी. मी तो डोळे मिटून ऐकला, धंद्याची सवय. फोनवरचं इटालियन हॅलो, 'प्रोन्तो, प्रोन्तो', म्हणताना प्रत्येक वेळी वेगळी आहे. लाइन कापली जाते तेव्हा ती आवाज चढवत नाही, लहान करते, जणू रिसीव्हर दुखेल. मी माइकसमोर असं काही करायला गेले तर साउंडवाला म्हणेल लेव्हल मिळत नाही, परत घ्या.

दुसरी गोष्ट 'मिरॅकल', तिच्यावरून अमेरिकेत केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९५२ ला निकाल लागला की सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. ते तुम्ही वकिलाला विचारा, मला आवाजाचं कळतं.

निवांत:
टेलिफोनवाली पाहिली नाहीये, खरं सांगतो. आज दुपारी 'मामा रोमा'मधला तो रात्रीचा रस्ता मात्र परत पाहिला, ती चालत राहते, माणसं एकेक करून सोबत येतात आणि अंधारात गळतात, आणि ही बोलतेच आहे. पाझोलिनी समाधानी नसेल, मला ते बघताना उठता आलं नाही.

डोक्यावर घेतलंय हा शब्द मागे. लॉरेनबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही, 'टू विमेन'मध्ये ती रस्त्यावर बसून जीपकडे दगड फेकते तो प्रसंग घेऊन नवीन धागा काढतो, तिथे या. 'लामोरे' रविवारी. डोळे मिटून बघायचा की उघडे ठेवून, ते सांगा.

लूपवाली:
आधी उघडे. मग मिटून.