म्युनिक : बायकोच्या पत्तानोंदणीसाठी (आन्मेल्डुंग) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लग्न होऊन नुकतीच म्युनिकला आले आहे. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) वर्षभर आधीपासून इथे आहे, मी स्पाउस व्हिसावर. घर उपभाड्याचं आहे. मूळ भाडेकरू दुसऱ्या शहरात कामाला गेलेत, मालकाच्या परवानगीने त्यांनी ते नवऱ्याला दिलंय.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत (नागरिक सेवा कार्यालयात) पत्ता नोंदवायचा असतो, आणि त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग! (अजून एका दमात म्हणता येत नाही.) नवऱ्याला तो सहज मिळाला होता. माझ्या नावाने मागितला तर मूळ भाडेकरू म्हणतात, करार एकट्याचा आहे, मालकांना विचारावं लागेल. मालक मेलला उत्तर देत नाहीत. त्यात ब्युर्गरब्युरोची तारीखही मुदतीनंतरचीच मिळतेय.

या एका कागदापायी सगळं खोळंबलंय. नोंदणी नाही म्हणून माझा टॅक्स आयडी नाही, आणि नवऱ्याचा टॅक्स क्लास (पगारातून कर किती कापायचा ते ठरवणारा गट) अजून अविवाहिताचाच. तो म्हणतो, होईल गं हळूहळू. त्याचं बरं आहे, सकाळी ऑफिसला पळतो!

दुसरी कटकट पत्रपेटीची. मी माहेरचं आडनाव ठेवलंय, पासपोर्टवरही तेच आहे. इथे पेटीवर नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं, माझं हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड बहुतेक तसंच गेलं. पेटीवर मूळ भाडेकरूंची छापील पट्टी, तिच्याखाली नवऱ्याचं आडनाव सेलोटेपने लावलेलं. त्याखाली मी माझ्या नावाची चिठ्ठी लावली, तर इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने संध्याकाळपर्यंत काढून टाकली. नवऱ्याच्या चिठ्ठीला मात्र हात लावला नाही!

मालकांच्या परवानगीशिवाय नोंदणी होते का? मुदत उलटली तर दंड बसतो का? जाता जाता, इथे इंडक्शनची शेगडी आहे आणि आईने दिलेला कुकर अ‍ॅल्युमिनियमचा. काही उपाय?

प्रतिसाद

अभिनंदन आणि स्वागत!

बायको राहायला येणार असेल तर मालकाला कळवावं लागतं, परवानगी मागावी लागत नाही. आणि उपभाड्यात घर देणारा म्हणजे तुमचे मूळ भाडेकरू, त्यांचीच सही चालते. ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, बुंडेसमेल्डेगेझेट्झ (पत्तानोंदणीचा कायदा), कलम १९. मेलमध्ये हे कलम नम्रपणे लिहा, जर्मन माणूस कलमापुढे विरघळतो. तरीही नाही म्हणाले तर ब्युर्गरब्युरोला तसं कळवा, तेही त्याच कलमात आहे.

कायद्यात दंड आहे, पण तारीख मुदतीत मागितल्याचा मेल जपून ठेवलात तर सहसा कुणी काही म्हणत नाही. सकाळी लवकर वेबसाइट उघडत जा, रद्द झालेल्या तारखा दिसतात. विवाह प्रमाणपत्र आणि त्याचं अधिकृत अनुवादकाने केलेलं जर्मन भाषांतर बरोबर न्या.

टॅक्स क्लासचं एवढं मनावर घेऊ नका. नोंदणीनंतर दोघांना आपोआप चार नंबरचा क्लास मिळतो आणि त्यात कपात अविवाहितांच्या एक नंबरइतकीच असते. महिन्याच्या पगारात फरक पडतो तो तीन-पाच (एकाला तीन, दुसऱ्याला पाच) घेतल्यावर, त्यासाठी फिनान्सआम्टकडे (कर कार्यालयाकडे) वेगळा अर्ज करायचा. जास्त कापलेलं वर्षाअखेरच्या एकत्र रिटर्नमध्ये परत येतं.

आधी पेटीचं बघा, कारण टॅक्स आयडी पोस्टानेच येतो! तोवर सगळीकडे पत्ता देताना तुमच्या नावाखाली 'सी/ओ' (केअर ऑफ, म्हणजे 'यांच्या पत्त्यावर') लिहून पेटीवर आहे तस्संच नवऱ्याचं आडनाव घाला. इन्शुरन्सवाल्यांना फोन केलात की कार्ड पुन्हा पाठवतात.

कुकर परत पाठवा. नवीन घेताना बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा.

धागाकर्ती

खूप आभार! 'सी/ओ' आजच करते. कलम १९ घालून लिहिलेला मेलचा जर्मन मसुदा कुणाकडे असेल तर इथेच टाका ना. माझं जर्मन ए-वनचं, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं, त्यात नम्रपणा बसत नाही.